काटा, आटा आणि गळंती

मराठीत 'गळणे' या क्रियेपासून दोन नामे सिद्ध झाली आहेत, त्यांपैकी एक 'गळती' आणि दुसरे 'गळंती'. छप्पर, धरण, पगार किंवा राजकीय पक्ष यांतून मालकाच्या इच्छेविरुद्ध जे पाझरते ती गळती. आणि शंकराच्या पिंडीवर टांगलेले, बुडाशी बारीक भोक असलेले, भक्ताच्याच इच्छेने थेंब थेंब ठिबकणारे भांडे ती गळंती. दोहोंमध्ये अंतर केवळ एका अनुस्वाराचे असले तरी पहिलीबद्दल तक्रार केली जाते आणि दुसरीपुढे हात जोडले जातात. अहिल्यानगर जिल्ह्यात (हे नाव शासनदरबारी २०२४ मध्ये आले, ट्रकचालकांच्या तोंडी हा मुलूख त्यापूर्वीही नुसता 'नगर' होता आणि आजही आहे) ऊस वाहणाऱ्या एखाद्या जुन्या ट्रकच्या डॅशबोर्डामागून चालकाच्या पायजम्यावर जे काळे तेल ठिबकते, ते या दोन सदरांपैकी कोणत्या सदरात घालावे, हे ठरवणे वाटते तितके सोपे नाही. नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूर येथे शनीच्या शिळेवर तेल वाहण्यासाठी लोक दुरून येतात. त्याच जिल्ह्यात एखाद्या इंजिनाने आपण होऊन थोडे तेल वाहिले तर त्यात घाईने बंद करण्यासारखे काय आहे, असा भाव गाडीमालकाच्या चेहऱ्यावर दिसतो, आणि शनिवारी तो अधिक गडद होतो.

प्रस्तुत गळतीचे स्थान नीट समजण्यासाठी इंजिनाच्या पोटातील व्यवहार थोडा पाहावा लागतो. इंजिनाच्या तळाशी तेल साठवणारी जी लोखंडी परात असते, तिला मेकॅनिक लोक 'चेंबर' म्हणतात. तेथून पंप तेल उचलतो आणि दाबाने क्रँकच्या बेरिंगांपर्यंत पोहोचवतो, त्यामुळे धातू धातूला न घासता तेलाच्या पातळ पापुद्र्यावर फिरत राहतो. हा दाब जुन्या डिझेल इंजिनात गाडी तापून नुसती घुरघुरत असताना दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोच्या आसपास आणि चालत्या गाडीत तीन-चार किलो असला म्हणजे सर्व कुशल मानतात. तो किती आहे हे चालकाला बसल्या जागी कळावे म्हणून इंजिनाच्या अंगातून एक तांब्याची नळी काढून ती डॅशबोर्डावरील घड्याळापर्यंत नेलेली असते. ही नळी बॉलपेनच्या कांडीएवढी बारीक असून तिचे दुसरे टोक घड्याळात बंद झालेले असते, म्हणजे तिच्यातून तेल कोठेही जात नाही. ते फक्त पलीकडे दाटून उभे राहते आणि आतली हकिकत कळवते. तेलाची ने-आण करणाऱ्या इंजिनातील मोठमोठ्या वाटा वर्षानुवर्षे कोरड्या राहाव्यात आणि केवळ बातमी पोहोचवणाऱ्या या नळीला मात्र हमखास पाझर फुटावा, हा योग बातम्या पोहोचवणाऱ्या इतर यंत्रणांचा अनुभव असलेल्यांना नवा वाटणार नाही.

घड्याळाच्या आत जे आहे ते या नळीपेक्षाही गमतीचे आहे. यूजीन बूर्दों या फ्रेंच यंत्रज्ञाने १८४९ मध्ये त्याचे पेटंट घेतले, आणि त्याचा उगम नळीच्या दुरुस्तीतच आहे: वेटोळे करताना एक नळी चपटी झाली, तिचे पोट पुन्हा फुगावे म्हणून एक तोंड बंद करून आत पाणी रेटले, तेव्हा नळी फुगता फुगता आपले वेटोळेही उलगडू लागली. जत्रेत मुले जी गुंडाळलेली कागदी पिपाणी विकत घेतात आणि फुंकर मारताच जी शेजाऱ्याच्या नाकापर्यंत लांबते, तिच्यात आणि बूर्दोंच्या नळीत तत्त्वाचा फारसा फरक नाही. फरक एवढाच की पिपाणीच्या टोकाला पीस असते आणि बूर्दोंच्या नळीच्या टोकाला दातेरी चाकाच्या मध्यस्थीने काटा जोडलेला असतो. इंजिन फुंकर मारते, नळी किंचित उलगडते, काटा सरकतो. पावणेदोनशे वर्षे होत आली तरी या रचनेत सुधारणा करण्यासारखे फारसे कोणाला सुचलेले नाही, ही गोष्ट ज्यांना दर महिन्याला सुधारित मोबाइल घ्यावासा वाटतो त्यांनी लक्षात घेण्यासारखी आहे.

'काटा' हा शब्द नगरच्या ऊसपट्ट्यात फार काम करतो. बाभळीचा काटा टायरात जातो, घड्याळाचा काटा हंगामात धावतो, डॅशबोर्डावरचा काटा तेलाचा दाब सांगतो, आणि कारखान्याच्या दारातला वजनकाटा शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टाचे टन ठरवतो. यांपैकी शेवटच्या दोन काट्यांबाबत लोकमत सारखेच आहे, म्हणजे दोन्ही कमी दाखवतात. वजनकाट्याबद्दलच्या संशयाला 'काटा मारणे' असा स्वतंत्र वाक्प्रचार लाभला असून त्यावर मोर्चे निघतात व भाषणे होतात. तेलाच्या काट्याबद्दलच्या संशयाला मात्र एवढी प्रतिष्ठा नाही, त्यामुळे त्याची चौकशी चालकाने काचेवर मारलेल्या टिचकीवरच आटोपते. टिचकीने काटा हलला तर तो 'जिवंत' आणि न हलला तर 'बसला' असा निकाल दिला जातो. हललेला काटा खरे बोलतो आहे की नुसताच दचकला आहे, या सूक्ष्म भेदात कोणी शिरत नाही.

ज्या सांध्यावर ही नळी घड्याळाला किंवा इंजिनाला जोडलेली असते, त्याची कथा समजण्यासाठी जिल्ह्यातील ट्रकांची वंशावळ पाहावी लागते. नगर आणि मोटार यांचे नाते जुने आहे. राज्य परिवहनाची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावरच धावली, आणि ती बेडफर्ड, म्हणजे विलायती जातीची होती. त्यानंतर १९५०-५१ च्या हंगामात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेकाठी सहकारी साखर कारखान्याची चिमणी धूर सोडू लागली, तिच्या मागोमाग जिल्ह्यात कारखान्यांची रांग लागली, आणि ऊस आणायचा तर बैलगाडीच्या जोडीला ट्रक हवा हे उघड झाले. हा ट्रक पुरवण्याची सोय १९५४ पासून झाली, कारण त्या वर्षी टेल्को कंपनीने जर्मनीच्या डाइम्लर-बेन्झ कंपनीशी पंधरा वर्षांचा करार करून जमशेदपुरात ट्रक बांधण्यास सुरुवात केली. करार १९६९ मध्ये संपला आणि नाकावरची चांदणी गेली, पण पोटातील जर्मन संस्कार राहिले. पुढे ज्याला नुसते 'बारा-दहा' म्हणतात तो ट्रक (पहिले दोन आकडे एकूण टनांचे आणि पुढचे दोन अश्वशक्तीच्या दहाव्या हिश्शाचे, असा हा संकेत) याच घराण्यातला. एमएच-१६ आणि एमएच-१७, म्हणजे अनुक्रमे नगर व श्रीरामपूर, या क्रमांकांखाली या घराण्यातील जी वृद्ध मंडळी अद्याप हंगामापुरती कामावर येतात, त्यांचे आटे मिलिमीटरमध्ये मोजलेले असतात.

येथे 'आटा' म्हणजे काय ते सांगणे अवश्य आहे. बोल्टाच्या अंगावर किंवा नटाच्या पोटात जी नागमोडी खाच फिरलेली असते ती आटा. तिच्यासाठी जी धावाधाव करावी लागते ती आटापिटा, आणि या दोन शब्दांचा संबंध कोणत्याही व्युत्पत्तिकोशाने सांगितलेला नसला तरी गॅरेजमध्ये थोडा वेळ उभे राहिलेल्या माणसाला तो आपोआप पटतो. जर्मन पद्धतीच्या सांध्यावर दहा मिलिमीटर व्यासाचा व दर मिलिमीटरला एक असा आटा असतो. मूळ घड्याळ कधीतरी बिघडते, मालक जुन्या सुट्या भागांच्या दुकानातून दुसरे घड्याळ आणतो, आणि त्याच्या पाठीवर ब्रिटिश पाइपाचा 'एक सुती' आटा निघतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आठ सुतांचा एक इंच. एक सूत म्हणजे सव्वातीन मिलिमीटरसुद्धा नव्हे, परंतु एक सुती आट्याचा बाहेरचा व्यास प्रत्यक्षात ९.७३ मिलिमीटर भरतो, कारण हे नाव आट्याच्या मापावरून नव्हे तर कोणे एके काळच्या पाइपाच्या आतल्या पोकळीवरून पडले आहे. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा या म्हणीला सर जोसेफ व्हिटवर्थ यांच्या १८४१ मधील आट्यांच्या प्रमाणपद्धतीच्या वंशजांनी दिलेला हा दुजोरा होय.

आता दहा मिलिमीटर आणि ९.७३ मिलिमीटर यांत फरक इतका थोडा आहे की तो डोळ्यांना दिसत नाही आणि बोटांना सुरुवातीला जाणवत नाही. ब्रिटिश बोल्ट जर्मन भोकात पहिले दोन आटे नव्या जावयाच्या थाटात आत जातो, तिसऱ्या आट्याला कुरबुर सुरू होते, कारण एकाच्या इंचात २८ आटे आणि दुसऱ्याच्या मिलिमीटरला एक हे गणित पुढे जुळत नाही, आणि चौथ्या आट्याला तो असा अडतो की पाहणाऱ्याला वाटावे, घट्ट बसला. हा 'घट्ट बसला' समज या संपूर्ण प्रकरणाचे मूळ आहे. अडणे आणि बसणे यांतील फरक ओळखण्याचे कसब ज्याच्या मनगटात असते त्याला गॅरेजमध्ये 'वस्ताद' म्हणतात. बाकीच्यांना पाना मिळतो.

पाना हाती आला की 'पाव फेरी'चा सिद्धांत लागू होतो. गळणारा सांधा दिसताच त्याला आणखी पाव फेरी आवळावे, असे हा सिद्धांत सांगतो, आणि त्याची मोहिनी अशी की तो मांडण्यासाठी यंत्रशास्त्राचे ज्ञान लागत नाही, फक्त जवळून जाणे पुरते. हंगामात कारखान्याच्या आवारात ट्रकांची रांग लागलेली असते. पुढे गव्हाण (मूळ अर्थ गोठ्यातील चाऱ्याची जागा, कारखान्यात ऊस ओतण्याचा हौद) एकेक गाडी सावकाश गिळत असते, आणि रांगेतल्या माणसांजवळ वेळ आणि पाने दोन्ही मुबलक असतात. मग चालक पाव फेरी आवळतो, क्लिनर आपल्या परीने पाव फेरी आवळतो, मागच्या गाडीचा चालक 'बघू दे' म्हणत पाव फेरी आवळतो, टोळीचा मुकादम कोयता बाजूला ठेवून हात लावतो, आणि नगर शहरात चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र असल्याने जिल्ह्यात जे माजी सैनिक जागोजाग भेटतात त्यांपैकी एखादा, रणगाड्याच्या अनुभवाच्या जोरावर, दोन हातांनी पाव फेरी आवळतो. तांब्याची नळी ज्या बारीक पितळी कड्यावर (मेकॅनिक त्याच्या आकारावरून त्याला 'ऑलिव्ह' म्हणतात, पण जिल्ह्यात ऑलिव्हचे फळ कोणी पाहिलेले नसल्याने 'आवळा' हे नाव अधिक शोभले असते) टेकलेली असते, ते कडे इतक्या लोकांच्या सदिच्छेने चेपून अंडाकृती होते. आवळा देऊन कोहळा काढणारी माणसे व्यवहारात पुष्कळ असतात. आवळून आवळून कोहळा घालवणारी मात्र ट्रकच्या बॉनेटपाशीच पाहावीत. सांधा अगोदर ठिबकत होता, आता तो झिरपतो, आणि याला 'बराच फरक पडला' असे म्हणतात.

गळती नेमकी कोठे आहे हे शोधण्याचा प्रश्न या सर्वांनंतर उपस्थित होतो, आणि तो मुळात आधी यायला हवा होता, ही गोष्ट कोणी काढत नाही. तेल ज्या ठिकाणी दिसते तेथून ते गळत असेलच असे नाही. ते नळीच्या पाठीवरून ओघळत, प्रत्येक वळणाशी क्षणभर विचार करून, सर्वांत खालच्या जागी जाऊन थेंबाचे रूप घेते, आणि तेथे उभा असलेला निरपराध नट आवळला जातो. शिवाय ही गळती अत्यंत शिष्ट आहे. इंजिन बंद केले की दाब संपतो व ती थांबते, म्हणजे मालक पाहायला येतो तेव्हा ती नसते. गाडी इमामपूरच्या किंवा करंजीच्या घाटाला लागली, तेल तापून पातळ झाले की ती पुन्हा हजर होते, आणि तेव्हा ती पाहायला चालकाखेरीज कोणी नसतो. चालकाच्या सांगण्यावर मालकाचा विश्वास नसणे ही व्यवसायातील जुनी रीत असल्याने तपास येथेच थांबतो. वास्तविक डिझेलमध्ये भिजवलेल्या चिंधीने सांधा पुसून कोरडा करावा, त्यावर खडूची भुकटी भुरभुरावी, इंजिन चालू करून पांढऱ्यावर काळी रेघ प्रथम कोठे उमटते ते पाहावे, एवढेच काम आहे. मिनिटाला वीस थेंब आणि वीस थेंबांचा एक मिलिलिटर असा ढोबळ हिशेब मांडला तर दहा तासांच्या चालीत अर्ध्या लिटरहून अधिक तेल पायजम्याला मिळते. परंतु हिशेबाने कोणी हादरल्याचे दिसत नाही, पायजमा धुणारी व्यक्ती सोडून.

मधल्या काळात उपाय चालूच असतात. डिझेलची टाकी झिरपू लागली तर कपडे धुण्याच्या साबणाची वडी त्या जागी घासतात आणि साबण डिझेलमध्ये विरघळत नसल्याने तो तेथे काही दिवस टिकतोही. त्या यशाच्या आठवणीने तोच साबण तेलाच्या सांध्यावर चोपडला जातो, जेथे दाब आणि उष्णता मिळून त्याचा फेसही होऊ देत नाहीत. सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली तर रबर तेल पिऊन फुगते आणि आठवड्याने जळवेसारखे लोंबू लागते. एमसीलचा गोळा तेलकट धातूला धरत नाही, त्यामुळे तो सांध्याभोवती मोदकाच्या आकारात वाळतो आणि तेल त्याच्या आतून, सारणाच्या वाटेने, बाहेर येते. सर्वांत जास्त श्रद्धा मात्र नळजोडणीच्या पांढऱ्या टेफ्लॉन पट्टीवर असते. अमेरिकेत रॉय प्लंकेट यांच्या हातून १९३८ मध्ये योगायोगाने लागलेला हा पदार्थ निमुळत्या आट्यांसाठी उत्तम आहे, कारण तेथे गळती आट्यांनीच अडवायची असते; ट्रकच्या या सांध्यात आटे सरळ असतात, त्यांचे काम केवळ धरून ठेवण्याचे, आणि तेल अडवण्याचे काम तोंडाशी असलेल्या तांब्याच्या वायसरचे किंवा त्या पितळी कड्याचे. आट्यांवर पट्टी गुंडाळणे म्हणजे दार उघडे टाकून कडीला तेल-कुंकू लावणे होय. शिंगणापुरात घरांना दारेच नसतात हे खरे, पण तेथे देवाची हमी आहे. नटाला ती नसल्यामुळे लॉकनट लावतात.

या सर्व उपायांनंतर जो अंतिम उपाय केला जातो त्यामागे एक प्रकारचे कठोर तर्कशास्त्र आहे. नळी गळते, नळी काट्यासाठी आहे, तेव्हा काटाच नको, असे ठरते. नळी इंजिनापाशी सोडून त्या भोकात एक आखूड बोल्ट वायसरसह मारला जातो आणि काट्याने काटा काढण्याऐवजी बोल्टाने काढला जातो. गळती खरोखरच थांबते. घड्याळ शून्यावर विसावते आणि चालक त्याच्या काचेत मागच्या गाडीचे दिवे पाहू लागतो. यापुढे तेलाचा दाब कानाने ओळखला जातो, आणि जुन्या चालकांचे कान या बाबतीत खरोखर तयार असतात. अडचण एवढीच की बेरिंग कानाला ऐकू येईल इतके बोलू लागते तेव्हा ते निरोप घेत असते. ज्या शहरात संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था आहे, जेथे लष्करी वाहनांच्या सहनशक्तीची कसोटी घेतली जाते, त्याच शहराच्या बाह्यवळणावर हे कर्णपरीक्षण चालते, आणि दोन्ही संस्था एकमेकींच्या कामात ढवळाढवळ करत नाहीत.

योग्य दुरुस्ती इतकी क्षुल्लक आहे की तिला गिऱ्हाइकाकडून मान मिळत नाही. तांबे सततच्या थरथरीने कडक होते आणि कडक झालेले तांबे तडकते किंवा सांध्याशी जुळवून घेत नाही. म्हणून वस्ताद नळी सांध्यापाशी बोटभर कापून टाकतो, नवे कडे घालतो, दोन्ही बाजूंचे आटे मोजण्याच्या पट्टीने ताडून पाहतो आणि न जुळल्यास मध्ये एका बाजूस जर्मन व दुसऱ्या बाजूस ब्रिटिश आटा पाडलेला पितळी तुकडा लेथवाल्याकडून करून घेतो. जुना तांब्याचा वायसर परत वापरायचा तर तो सांडशीत धरून लालबुंद करतो आणि पाण्यात टाकतो. पोलाद असे केल्याने कडक होते, तांबे मात्र मऊ होते, आणि लोहाराच्या भात्यापाशी वाढलेल्या बघ्यांना ही गोष्ट दर वेळी खोटी वाटते. शेवटी तो नळीला इंजिन आणि डॅशबोर्ड यांच्यामध्ये दोन-तीन सैल वेटोळी देतो, म्हणजे इंजिनाची थरथर त्या वेटोळ्यांतच जिरते, मोकळ्या नळीला एक क्लिप मारतो, आणि नट हाताने पोहोचेल तेथपर्यंत फिरवून पान्याने बेताने आवळतो. तेथे जमलेल्यांपैकी कोणीतरी 'अजून पाव फेरी' सुचवतोच. वस्ताद पाना खिशात घालतो.

सांधा कोरडा होतो, पण तक्रार पुढच्याच खेपेला येते. नळीच्या सुरुवातीला, ती तुटल्यास सगळे चेंबर रिकामे होऊ नये म्हणून, मुद्दाम बारीक भोक ठेवलेले असते. त्या भोकातून जेवढे तेल येई त्यातले बरेचसे आजवर वाटेतच गळत असल्याने काटा दीड किलोच्या पुढे कधी गेलेला नसतो, आणि चालकाने त्या दीड किलोशी संसार मांडलेला असतो. आता गळती नसल्याने काटा साडेतीनवर जाऊन उभा राहतो. चालक टिचकी मारतो, काटा हलत नाही. दोनदा मारतो, तरी हलत नाही. तेव्हा घड्याळ बिघडले, दुरुस्तीत काहीतरी जास्तीचे झाले, अशी खात्री होऊन रिकामी गाडी परत गॅरेजच्या दारात लागते आणि वस्तादाला विनंती केली जाते की, नट पाव फेरी ढिला करून द्यावा.